रतनवाडीत गाडीने सेल्फ घेतला नाही तेव्हा

डिसेंबरातली सकाळ. भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीत मुक्काम केला होता. उजाडताच अमृतेश्वराचं दर्शन झालं. त्या काळ्या दगडावरची नक्षी कोवळ्या उन्हात पाहायला मिळाली, हे भाग्यच. शेजारच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो, वर रतनगड धुक्यातून हळूहळू बाहेर येत होता. नाश्ता करून निघायचं म्हणून किल्ली फिरवली, तर नुसतं ‘टक्’. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच, एकदाच, टक्.

गावातली चार पोरं लगेच धावून आली. "दादा, सेकंड टाका, धक्का मारतो." त्यांचा जीव मोठा, पण मी थांबवलं. आधी आवाज नीट ऐकायचा होता. सेल्फ, म्हणजे एंजिनला फिरवून सुरू करणारी मोटर, गरगर फिरतोय आणि एंजिन पकडत नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्क बघायचा. इथे सेल्फ फिरतच नव्हता, म्हणजे दुखणं त्याच्या अलीकडे, करंटच्या वाटेवर.

हेडलाइट लावले. समोरच्या भिंतीवर लख्ख उजेड. बायकोला बाजूला उभं केलं आणि दिवे चालू ठेवून किल्ली फिरवली.

"अहो, पार विझले!" ती म्हणाली. किल्ली सोडली, पुन्हा लख्ख.

मला तिथेच उलगडा झाला. बॅटरी नुसती उतरलेली असती तर दिवे आधीपासूनच मंद दिसले असते, सेल्फ जड जड फिरला असता किंवा टकटकटक वाजत राहिला असता. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपियर ओढतात. सेल्फला शंभराच्या वर लागतात. बॅटरीच्या वायरचा सांधा कच्चा असेल तर दिव्यांपुरता करंट जातो, सेल्फपुरता जात नाही.

बॉनेट उघडलं. प्लसच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साचलेली, आणि वायरची पकड, म्हणजे क्लॅम्प, हाताने चक्क फिरत होता! महिनाभरापूर्वी सर्व्हिसिंग झालं होतं, तेव्हा कुणी पाना लावून पाहिला असता तर बरं झालं असतं. धक्का मारून गाडी कदाचित निघालीही असती, पण घाटात खड्ड्यावर सांधा सुटला तर चालत्या एंजिनवर अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा, व्होल्टेज उसळतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला धोका.

दहा नंबरचा पाना होताच. आधी मायनस सोडला, मग प्लस. हा क्रम चुकवू नका. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट होतो. मुक्काम होता त्या घरच्या मावशींनी चुलीवरचं गरम पाणी दिलं आणि भज्यांसाठी ठेवलेला खायचा सोडाही. सोड्याचं पाणी टाकताच भुकटी फसफसली. खाली करडं शिसं दिसू लागलं. पुसून कोरडं केलं, पॉलिश पेपरने घासलं, प्लस आधी, मायनस नंतर, दोन्ही गच्च आवळले. वरून ओठांना लावायची व्हॅसलिन चोपडली.

किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाल्या, "अमृतेश्वर पावला." मी हात जोडले.

जलाशयाच्या कडेकडेने शेंडीला आलो. 1926 साली पूर्ण झालेलं विल्सन धरण बघायला थांबलो, आणि तिथे मुद्दाम एंजिन बंद करून पुन्हा किल्ली फिरवून पाहिली. घेतली.