सँडविचचा तिसरा रविवार

रविवार, रात्री पावणेअकरा

आज जमलं. अगदी शंभर टक्के नाही, पण लेकीने दुसरं मागितलं आणि ताटात कडा उरल्या नाहीत, आमच्या घरात याला जमलं म्हणतात.

दोन रविवारांपूर्वी मोठ्या हौसेने केलं होतं तेव्हा बाईसाहेब एक घास खाऊन म्हणाल्या, "मम्मा, हे आजारी माणसाचं सँडविच आहे का?" राग आला, पण खोटं काय बोलली ती? काकडी होती, टोमॅटो होता, बटाटा होता, चटणी होती, सगळं होतं आणि चव कशालाच नव्हती, वर खालचा स्लाइस ओला होऊन बोटांना चिकटत होता. नवऱ्याने गुपचूप केचप ओतून घेतलं. ते जास्त लागलं. मी रुईयाची आहे हो, कॉलेजची पाच वर्षं माटुंग्याच्या फुटपाथवरच्या व्हेज सँडविचवर काढली आहेत, आणि आता पुण्यात स्वतःच्या ओट्यावर मला साधं सँडविच येऊ नये?

मग गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने फोर्टला जाणं झालं तर तिथे एका सँडविचवाल्याकडे एक खाल्लं आणि खाऊन झाल्यावर उगाच मोबाईल बघत, कोणाची तरी वाट बघतेय असं दाखवत वीसेक मिनिटं त्याचे हात बघत उभी राहिले. पाच वर्षं खाल्लं पण बघितलं कधीच नव्हतं. पहिली गोष्ट म्हणजे बटर. आपण मधे एक फराटा मारतो आणि कडा कोरड्या सोडतो, तो सुरीने पार कडेपर्यंत नेतो, दोन्ही स्लाइसना. ते नुसतं चवीला नाही, बटरचा थर बसला की भाजीचं पाणी ब्रेडमध्ये लगेच उतरत नाही. दुसरं, बटाटा इतका पातळ कापलेला की माझ्या एका चकतीत त्याच्या तीन झाल्या असत्या. आणि तिसरं, जे बघून मला कपाळावर हात मारावासा वाटला, ते म्हणजे मसाला. तो बटाट्यावर भुरभुरतो, मग काकडीवर, मग टोमॅटोवर, प्रत्येक वेळी चिमूटभर आणि जरा उंचावरून. मी काय करत होते, तर सगळं रचून झाल्यावर वरून एकदाच चाट मसाला. म्हणजे वरचा कांदा खारट आणि खालचा बटाटा बिचारा उपाशी.

हे शिकून आल्यावर मागच्या रविवारी मी दुसरं टोक गाठलं. प्रत्येक थराला मीठ पण आणि मसाला पण. मसाल्यात काळं मीठ असतं, अमूल बटर मुळात खारं, चटणीत मीठ, आणि वर मी अजून मीठ! नवरा पाण्याचा तांब्याच घेऊन बसला. त्यामुळे आज मीठ वेगळं घातलंच नाही, फक्त मसाला.

मसाला घरी केला. जिरं दोन चमचे, बडीशेप एक चमचा, सात-आठ मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, मंद गॅसवर वास सुटेपर्यंत भाजून गार करून मिक्सरला, मग त्यात आमचूर आणि काळं मीठ. बडीशेप आणि दालचिनी हीच त्या गाडीवरच्या वासाची गंमत आहे असं मला आज कळलं, कारण डबी उघडल्या उघडल्या नवरा आतल्या खोलीतून म्हणाला, "चर्चगेटला उतरल्यासारखं वाटतंय."

पण खरा वेळ खाल्ला चटणीने. माझी चटणी नेहमी पातळ व्हायची, मिक्सर फिरत नाही म्हणून आपण पाणी घालतो आणि तेच पाणी नंतर ब्रेडमध्ये जातं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं डाळं घाल की मूठभर, आणि कोथिंबिरीचे देठ टाकून देतेस की काय?" हो, टाकून देत होते. खरी चव तर कोवळ्या देठातच असते. तर आज एक मोठी जुडी कोथिंबीर देठांसकट, पुदिना त्याच्या पावपटच कारण जास्त झाला की कडवट लागतो, पाच तिखट मिरच्या, आल्याचा तुकडा, जिरं, दोन चमचे डाळं, आणि पाण्याऐवजी बर्फाचे दोन खडे. मिक्सर तापला की चटणीचा रंग काळवंडतो, बर्फाने हिरवीगार राहिली. लिंबू सगळ्यात शेवटी आणि फक्त आज लागणाऱ्या चटणीत पिळलं, कारण आंबटाने हळूहळू तो हिरवा रंग मरून शेवाळी होतो, उरलेली लिंबाशिवाय बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला टाकली. चमचा उलटा केला तरी पडेना इतकी घट्ट झाली होती. ओट्यावर उभ्या उभ्या बोटाने चाटली, दोनदा. बरं, तीनदा.

बाकी बारीकसारीक. बटाटे काल रात्रीच उकडून फ्रीजमध्ये ठेवले होते, गार बटाटा न फुटता पातळ कापला जातो. टोमॅटोच्या बिया काढल्या, काकडी सुती फडक्यावर पसरून टिपून घेतली. बीट पण उकडून. ब्रेड साधा पांढरा, मल्टीग्रेनवरून घरात वाद झाला पण मी ऐकलं नाही, कधीतरी मैद्याला पण मान द्यावा.

आणि टोस्टर! आमचं इलेक्ट्रिकचं सँडविच मेकर बाहेरून तपकिरी करतं पण आत वाफ कोंडते, म्हणून माळ्यावरून आईने दिलेला तो गॅसवर धरायचा लांब दांड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा टोस्टर काढला. बाहेरून पण बटर लावलं, मंद आचेवर दोन-दोन मिनिटांनी पालटत राहिले. पहिलं एका बाजूने करपलं, ते मी खाल्लं (आईलोकांचा कायमचा वाटा). दुसरं मस्त खरपूस. अजून एक, टोस्ट लगेच ताटात आडवा ठेवला की खालून घाम येऊन मऊ पडतो, म्हणून दोन मिनिटं जाळीवर ठेवला, मग सुरीने सहा तुकडे, वर बारीक शेव, बाजूला चटणी.

लेक काही बोललीच नाही, नुसती खात होती. मग हात पुढे करून एकदम गाडीवाल्याच्या गिऱ्हाइकासारखं, "चटणी एक्स्ट्रा."

आता ओटा पुसला तरी बिटाचे गुलाबी डाग राहिलेत, सकाळी मावशींच्या नजरेत येणारच. उद्या डब्याला पण हेच हवंय म्हणे, टोस्ट न करता, आणि बीट नको, शर्टावर पडलं तर टीचर ओरडतात. एक चटणीचा खडा फ्रीजरमधून काढून खाली फ्रीजमध्ये ठेवायचाय, विसरायच्या आत उठते.