घर कुठाय, मिस?

मुलं मोजली तर २९. पुन्हा मोजली, २९च. शाळेतून ३० आणली होती.

मी पूर्व लंडनमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांना शिकवते. त्या दिवशी वॉन्स्टेड पार्कची सहल होती. प्रत्येकाच्या हातात मी वॉन्स्टेड हाउसचं जुनं चित्र दिलं होतं. दर्शनी भागाला सहा भव्य खांब, लांबी २६० फूट. मुलं सकाळपासून तो वाडा शोधत होती. शेवटी गोल्फच्या मैदानातला खोलगट भाग दाखवून म्हटलं, ''तिथं होता.'' सगळ्यांचे चेहरे पडले.

काय सांगणार? १८१२ साली वाड्याची वारसदार कॅथरीन हिनं विल्यम वेलस्लीशी लग्न केलं. आपल्या असईच्या लढाईत मराठ्यांना हरवणाऱ्या आर्थर वेलस्लीचा हा पुतण्या. त्यानं इतकं कर्ज केलं की १८२२ मध्ये घरातल्या सामानाचा लिलाव ३२ दिवस चालला. जमीन विकायचा हक्क त्याला नव्हता, म्हणून वाडाच पाडायला विकला, १०,००० पौंडांना. दगडविटा गेल्या, तळी-झाडी राहिली. १८८२ पासून ती सगळ्यांना खुली आहे.

''पण एवढे पैसे आले कुठून?'' एका मुलीनं विचारलं. मी जरा थांबलेच.

१६७३ मध्ये ही जागा जोसाया चाइल्डनं घेतली. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर झाला. इथं अक्रोडाची झाडं लावायला, तळी खणायला त्यानं पाण्यासारखा पैसा ओतला. त्याच काळात कंपनीनं औरंगजेबाशी भांडण काढलं आणि १६८९ मध्ये औरंगजेबाच्या आरमाराचा प्रमुख, जंजिऱ्याचा याकूतखान सिद्दी मुंबईवर चालून आला. उतरला कुठं, तर शिवडीला! माझं माहेर शिवडीचं. अखेर कंपनीनं माफी मागून दीड लाख रुपये भरले, तेव्हा कुठं सिद्दी हलला. शाळेत आम्हाला सिद्दी शिकवला होता, चाइल्डचं नावही नव्हतं. मुलांना मी एवढंच म्हटलं, ''व्यापारातून. माझ्या गावाशी.''

त्यानंतर मोजणी केली, ती २९ची.

पोटात गोळाच आला. दोघी मदतनीस मागं धावल्या, मी पाण्याच्या कडेनं. वळणावर आमचा पठ्ठ्या उभा. समोर पाण्याकाठी ग्रोटो, म्हणजे शोभेची गुहा. १८८४ च्या आगीत जळून तिची दर्शनी भिंत तेवढी उरलीय.

''मिस, सापडलं! पाडलेलं नाहीये!''

रागवायचं राहूनच गेलं. त्याच्या कागदावरचे सहा खांब खोडलेले होते आणि खाली त्यानं काळी कमान काढली होती, पाण्यातल्या प्रतिबिंबासकट.