दिवा लागला म्हणजे फोर-व्हील लागलं असं नाही: जिप्सी वाळूसाठी तयार करताना

फोर-व्हील गाडी वाळूत न्यायची असेल तर सगळ्यात आधी पुढची दोन्ही चाकं खरोखर ओढतात का, ते जॅक लावून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका, आणि सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर तर मुळीच नको. मला हे कळेपर्यंत अख्खा हिवाळा जात आला होता. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझी मारुती जिप्सी जुनी आहे. पुढच्या दोन्ही चाकांच्या हबांवर, म्हणजे मधल्या तुंब्यांवर, हाताने फिरवायची चकती असते ती. चकतीवर दोनच खुणा, फ्री (चाक शाफ्टपासून मोकळं) आणि लॉक (चाक शाफ्टला जोडलेलं). बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, त्यामुळे फौजेने वापरलेली जिप्सी इथल्या पोरासोरांनाही ओळखीची. पण तिचं फोर-व्हील नीट तपासणारा माणूस शोधायला निघालो तेव्हा कळलं, ओळखणारे भरपूर आणि जाणणारे मोजके.

जायचं होतं केरळात, कण्णूर आणि थलश्शेरीच्या मधल्या मुळप्पिलंगाडला. तिथे चारेक किलोमीटर किनाऱ्यावर गाडी चालवायला मुभा असते. गोवा आपल्याला चोर्ल्याहून जवळ पडतो, मग इतकं लांब कशाला, असं इथले सगळे विचारतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मोरजीला, आपल्या वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. भरतीच्या रेषेच्या वरची जी मऊ कोरडी वाळू जीपवाल्यांना खुणावते, तीच त्यांची जागा. एका चाकाखाली अख्खं घरटं जातं आणि वरून काहीच दिसत नाही. मोबाइलवरच्या रिळांसाठी तिथे गाड्या पळवणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही. मुळप्पिलंगाडलाही आधी फोन करून चौकशी करा. पावसाळ्यात बंद असतं, आणि काम चालू असेल तर काही भाग अडवलेला असतो.

तर खोळंबा असा झाला. निघण्याआधी सराव म्हणून खानापूरच्या बाजूला चुलतभावाच्या नांगरलेल्या रानात गाडी घातली. ढेकळांची भुसभुशीत जमीन वाळूच्या बरीच जवळ जाते. हब लॉक केले, दांडा टू-एचवरून (फक्त मागची चाकं) फोर-एचला (चारही चाकं) टाकला, मीटरमध्ये दिवा लागला. थोडं पुढे गेल्यावर मागची चाकं गरगर फिरून खड्डा करायला लागली आणि पुढची जागची हलेनात. भाऊ बाहेर उभा राहून ओरडत होता, "दिवा लागलाय म्हणतोस खरं पुढं काय हलंना!" शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या पोराने जागेवर उभ्या गाडीत दांडा ओढला, दिवा लागला, कार्डावर लिहिलं, फोर-व्हील ओके. मी रानातलं सगळं सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, "सर, इंडिकेशन येतंय ना, म्हणजे सिस्टीम वर्किंग आहे." गाडी खाली-वर करून बघा म्हटलं, तर म्हणे यातला माणूस हुबळीहून येतो, गाडी ठेवून जा. ठेवली. मग सुरू झाले फोन. आज आला नाही, उद्या बघतो, परवा नक्की. मधे एकदा स्वतः गेलो तर गाडी कंपाउंडच्या भिंतीला लावलेली, काचेवर बोटाने नाव लिहिण्याइतकी धूळ, आणि चावी कोणाकडे आहे हेच कोणाला माहीत नाही. तो माणूस आला की नाही ते शेवटपर्यंत समजलं नाही. एक दिवस एस्टिमेट मात्र आलं: ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) उतरवून पूर्ण खोलायची, पार्टचं नंतर बघू, कारण पार्ट बंद झालेत. ज्या दिव्याच्या जोरावर आधी सगळं ओके होतं, तो दिवा तसाच लागत होता. मी नको म्हटलं. तपासणीचे पैसे त्यांनी घेतले, पावतीवर पुन्हा तेच, फोर-व्हील ओके. ती पावती मी जपून ठेवलीय.

सुटका केली ती फौजेतून निवृत्त झालेल्या एका मामांनी. ईएमईमध्ये, म्हणजे फौजेची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, त्यांची उभी हयात गाड्यांखाली गेली. आता हिंडलग्याच्या बाजूला घराच्या परड्यातच काम करतात. मी दिव्याचं सांगायला लागलो तसं मला थांबवून म्हणाले, "दिवा कशाला बघालाय? चाक बघा की."

त्यांनी काय केलं ते लक्ष देऊन वाचा, कारण हे कोणालाही घरी करता येतं. सपाट जागा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. पुढची दोन्ही चाकं उचलून चेसिस स्टँडवर घेतली, नुसत्या जॅकवर नाही. दोन्ही हब लॉक, दांडा फोर-एचला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद. मग डावं चाक हाताने फिरवलं. हब ठीक असतील तर उजवं चाक उलट्या दिशेने फिरायला हवं. आमचं डावं सुळसुळत फिरत राहिलं आणि उजवं ढिम्म. "उजवं मोकळं हाय," एवढंच म्हणाले आणि पाना घेतला.

दिवा खोटं बोलत नव्हता, पण त्याला माहिती अर्धीच होती. त्याचा स्विच ट्रान्सफर केसवर असतो. पुढच्या प्रोपेलर शाफ्टला (जोर पुढे नेणाऱ्या लांब दांड्याला) जोर दिला गेला, इतकंच तो सांगतो. तिथून जोर डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकाला जोर वाटणाऱ्या गिअरांत), मग दोन्ही बाजूंच्या शाफ्टमध्ये, आणि अगदी शेवटी हबमधून चाकात. एक हब जरी मोकळा राहिला तरी साधं डिफरन्शियल सगळी फिरकी त्या मोकळ्या बाजूला सोडून देतं. म्हणजे एक हब गेला की पुढचं एक नाही, दोन्ही चाकं गेली. सर्व्हिस सेंटरात हे कोणालाच ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. बघायची तसदी कोणी घेतली नाही.

सहा बोल्ट काढून मामांनी झाकण उघडलं. आत ग्रीस सुकून तपकिरी खरवड झाली होती. सगळं रॉकेलने धुतल्यावर सरकणारी कडी दिसली, तिचे दात झिजून गोल झालेले. चकती बाहेरून लॉकवर यायची, पण आत दात धरतच नव्हते. जोडीचा जुना पण चांगला हब निपाणी ओलांडून कोल्हापुरात एका सुट्या भागांच्या दुकानात मिळाला, ट्रान्सफर केसच्या एस्टिमेटच्या मानाने किरकोळ पैशात. बसवताना मामांनी ग्रीस अगदी हलक्या हाताने लावलं. हबमध्ये ग्रीस ठासून भरलं तर कडी सरकत नाही, अडकते. मग पुन्हा तीच परीक्षा. मी डावं चाक पुढे ढकललं आणि उजवं मागे फिरलं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता. संध्याकाळी त्याच रानात, त्याच खड्ड्याशेजारून गाडी सरळ बाहेर आली.

बाकीची तयारी त्यामानाने सोपी. सगळ्यात महत्त्वाची हवा. रस्त्यावर मी २८ पीएसआय ठेवतो, वाळूत १६ वर आणतो. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटलं जातं. १२ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो. ट्यूबवाले टायर असतील तर आणखी जपा, टायर रिमवर घसरला की ट्यूबचा व्हॉल्व्हच उपटून येतो. कमी हवेवर झटक्यात स्टिअरिंग मारायचं नाही, आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा भरायचीच. त्यासाठी कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या, लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो. डांबरावर फोर-व्हील लावून पळवायचं नाही हेही राहिलंच सांगायचं. वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि ताण सगळा गिअरांवर येतो.

ओढायचे हुक. माझे पुढचे मूळ हुक गंजले होते. तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे उद्यमबागेत लेथवाल्यांना काय तोटा? चेसिसच्या मूळ भोकांतच ८.८ ग्रेडचे नवे बोल्ट घालून घट्ट करून दिले. बंपरला वेल्डिंग करून हुक लावू नका, ओढताना तुटला तर गोळीसारखा येतो. ट्रकवर बांधायला कंपनीने दिलेली कडीही ओढण्यासाठी नसते. दोर ताणला असताना त्यावर जाड घोंगडं टाका आणि माणसं लांब उभी करा. मोठे टायर, बंपरपुढचे लोखंडी क्रॅश गार्ड यांच्या नादी लागू नका. क्रॅश गार्डवर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, आणि कंपनीच्या मूळ तपशिलात बदल केलेल्या गाडीची नोंदणी करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलाय. वाळूसाठी त्यातलं काहीच लागत नाही. फावडं, जॅकखाली ठेवायला जाड प्लायवूडचा तुकडा आणि जुनी रबरी मॅट, एवढं पुरतं.

अरबैल घाट उतरून अंकोल्याहून हायवेने खाली गेलो, रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ओहोटीची वेळ मात्र आधी काढून ठेवली होती. वेंगुर्ल्याचे आमचे पाव्हणे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला. पण ते गणित कोकण किनाऱ्याचं, तेही ढोबळ. केरळात वेळ वेगळी, तिथे कण्णूरचंच कोष्टक बघायचं. ओहोटीला मुळप्पिलंगाडची ओली वाळू इतकी घट्ट असते की साधी मारुतीसुद्धा पळते. फसतात सगळे वरच्या कोरड्या पट्ट्यात. तिथे उतरण्याआधीच फोर-एच लावलं, दुसऱ्या गिअरमध्ये एका चालीने, ब्रेक न मारता पार केलं. थांबायचं असेल तर ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप थांबू द्यायची. शेजारी एक मोटार रुतून चालक रेस वाढवत होता. चाक फिरायला लागलं की पाय काढायचा, रेस दिली की गाडी आणखी खाली बसते. त्याची हवा कमी केली, चाकांपुढची वाळू उपसली, मॅट घातली आणि ती आपल्याच चाकोरीतून मागे निघाली.

खाऱ्या पाण्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. परतताना त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने गाडी खालून धुतली, चेसिसच्या भोकांत पाइप घालून आतूनही. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी आत ओढून घेतो, म्हणून लाटांत चाकं बुडवायची नाहीत. बेळगावला आल्यावर प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना, म्हणजे सांध्यांना, ग्रीस मारलं आणि दोन्ही हब पुन्हा उघडून बघितले. आत पाणी शिरलं असेल तर ग्रीस दुधाळ दिसतं. मग ते सगळं काढून, रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून नवं लावायचं, आणि चाकं उचलून परीक्षा पुन्हा घ्यायची.