वाघासाठी मे, मग पेंग्विनसाठी कोणता महिना?

जंगल कधी पाहावे, हे नागपूरकराला शिकवावे लागत नाही. पारा ४५ अंशांना टेकलेला असतानाही आपण डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ताडोब्याला जातो, कारण नाले आटले की वाघ पाणवठ्यावर येतो. ध्रुवीय जहाजप्रवासाचा महिनाही याच न्यायाने निवडावा, सुट्ट्या पाहून नव्हे, असे वर्षभराच्या तयारीनंतर माझे ठाम मत झाले आहे.

ज्यांना मुलांच्या उन्हाळी सुट्टीतच जायचे असेल, त्यांनी अंटार्क्टिकाचा विचार सोडावा, कारण तेव्हा तेथे हिवाळा असतो. त्यांनी जूनमध्ये उत्तरेकडे, आर्क्टिकमधला नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह गाठावा. तेथे त्या दिवसांत सूर्य मावळत नाही आणि समुद्रावरील बर्फाच्या कडेने सीलच्या शोधात हिंडणारी पांढरी अस्वले दिसू शकतात.

आमचे मन मात्र पेंग्विनवर जडले आहे. दक्षिणेतला हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो. नोव्हेंबरमध्ये बर्फ कोरा करकरीत असतो आणि जेंटू पेंग्विन चोचीत एकेक खडा आणून घरटे रचतात, संधी मिळताच शेजाऱ्याच्या घरट्यातला खडाही उचलतात. पण समुद्र गोठलेला राहिल्याने काही अरुंद खाड्यांत जहाज शिरू शकत नाही. डिसेंबरअखेरीस अंडी फुटू लागतात आणि जानेवारीत करड्या लवीची पिल्ले आईबापांच्या चोचीत चोच घालून क्रिल (कोळंबीसारखे छोटे समुद्री जीव) खाताना दिसतात. फेब्रुवारीत किनारे चिखलाने आणि विष्ठेने माखतात, परंतु हंपबॅक देवमासे पाहायला तोच काळ उत्तम.

येथेच आमच्या घरात मतभेद झाला. मला पिल्ले हवी होती, सौ. म्हणाली, "अहो, देवमाशाची शेपटी एकदा तरी डोळ्यांनी पाहायची आहे." दोन्ही साधावे म्हणून आम्ही जानेवारीचा शेवटचा आठवडा धरला.

जहाजही लहानच हवे, कारण ५०० हून अधिक प्रवासी नेणाऱ्या जहाजांतून किनाऱ्यावर उतरवत नाहीत आणि एका ठिकाणी एका वेळी १०० जणांनाच उतरता येते. शिवाय अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया बंदरातून निघाल्यावर दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधली ड्रेक सामुद्रधुनी ओलांडण्यात जाताना दोन व येताना दोन दिवस जातात, म्हणून दहा दिवसांपेक्षा छोटी सहल मी तरी घेणार नाही.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सौ.ने जानेवारीच्या त्या शेवटच्या आठवड्याभोवती लाल पेनाने गोल केला आहे. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की निघायचे.