बाबांची डेक्कन क्वीन

पुणे ते मुंबई हे १९२ किलोमीटरचे अंतर बाबांनी नोकरीच्या काळात रोज दोनदा कापले. सकाळी सव्वासातला डेक्कन क्वीनने निघायचे, साडेदहाच्या सुमारास बोरीबंदरला उतरून फोर्टमधल्या कार्यालयापर्यंत चालत जायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायचे. त्यांना घरी यायला रात्रीचे नऊ वाजत आणि आम्हा भावंडांच्या वाट्याला बाबा येत ते आमच्या झोपेच्या वेळेला. लहानपणी मला त्या गाडीचा मनापासून राग होता. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, एका जुन्या सोबत्याच्या नातीच्या बारशासाठी ते पुन्हा मुंबईला निघाले, तेव्हा मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले.

ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली आणि दर वर्षी त्या दिवशी प्रवासी तिचा वाढदिवस साजरा करतात. २०२२ मध्ये तिला नवे डबे मिळाले, पण टेबल-खुर्च्यांवर बसून खाता येणारी डायनिंग कार कायम राहिली. तिथे ऑम्लेट मागवताना बाबांच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मी घरात क्वचितच पाहिला होता.

पुणे सोडल्यावर थोड्याच वेळात पासधारकांच्या डब्यातून त्यांचे दोन जुने सोबती आमच्या जागेपाशी आले. त्यातले एक काका मला म्हणाले, "तू दहावीला गणितात किती मार्क मिळवलेस, ते आमच्या अख्ख्या ग्रुपला माहीत होतं. बाबांनी पेढे वाटले होते." मग एकेक गोष्ट निघत गेली. आजीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त लागले, तेव्हा याच डब्यातले चौघे कार्यालयात उशिरा पोहोचण्याची मुभा मागून परळच्या रुग्णालयात गेले होते. कोणाच्या मुलीचे लग्न असो, कोणाचे घराचे कर्ज थकलेले असो, त्याची चर्चा लोणावळा येईपर्यंत व्हायची आणि वाटेतच काहीतरी मार्ग निघायचा. परतीच्या प्रवासात लेडीज डब्यात दुसऱ्या दिवशीच्या भाजीसाठी मटार सोलले जात, कारण घरी पोहोचल्यावर त्यासाठी वेळच उरत नसे. हे ऐकताना मला जाणवले की, जो वेळ आमच्याकडून हिरावला गेला असे मी समजत होते, त्याच वेळेत ही माणसे आमचाही संसार सावरत होती.

तरीही या धावपळीचे गोडवे गाणे मला योग्य वाटत नाही. बाबांचे गुडघे लवकर झिजले, आणि आमचा अभ्यास, आजारपणे, पालकसभा हे सारे आईने जवळजवळ एकटीने पार पाडले. त्या मैत्रीची किंमत तिनेही मोजली आहे.

संध्याकाळी परतताना गाडी कर्जतला थांबली. भोर घाटातला चढ सदतीसास एक, म्हणजे दर सदतीस मीटरला एक मीटर उंची, इतका तीव्र असल्यामुळे तो चढण्यासाठी तिथे गाडीच्या मागे तिला ढकलणारी बँकर इंजिने जोडली जातात. वडा खात बाबा मला हे समजावून सांगत होते. मी घरूनच काम करते. ज्या सहकाऱ्यांशी दिवसभर बोलते, त्यांच्यापैकी कोणाच्या आईची तब्येत कशी आहे, हे मला ठाऊक नसते, कारण आमचे बोलणे कामापासून सुरू होते आणि काम संपले की संपते. बाबांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आम्हाला कुठं मैत्री करायची होती? तीन तास शेजारी बसायचं, मग विचारपूस होतेच." मला मात्र ती विचारपूस मुद्दाम, वेळ काढून करावी लागेल.

घरी आल्यावर आईला मी रक्तदानाची हकिकत सांगितली. रक्त मिळाले एवढेच तिला माहीत होते. ते कोणी दिले, हे बाबांनी कधी सांगितलेच नव्हते. तिने त्या चौघांची नावे विचारून घेतली आणि येत्या रविवारी सगळ्यांना सहकुटुंब जेवायला बोलवा, असे बाबांना सांगितले.