अर्ध्या मीटरची वायर आणि लाल चांदणीचा रकाना

आमच्या ऑफिसला अर्ध्या मीटरच्या पॉवर कॉर्ड हव्या होत्या. मॉनिटरच्या आणि सीपीयूच्या मागे लागते तीच काळी वायर, फक्त आखूड. मुंबईत पैसे टाकले की काय वाटेल ते मिळतं म्हणतात, आणि आखूड वायर मिळतेसुद्धा. ती कंपनीच्या कागदांतून ऑफिसात आणणं हे मात्र वेगळंच प्रकरण आहे. माझी चिडचिड अजून उतरलेली नाही, म्हणून लिहितेय.

मी अंधेरी पूर्वेच्या एका डिझाइन कंपनीत अ‍ॅडमिन बघते. सेफ्टी ऑडिटमध्ये टेबलांखालच्या वायरींवर शेरा आला. बोर्ड हातभर अंतरावर आणि कॉर्ड १.८ मीटरची, त्यामुळे उरलेली वायर गुंडाळून, रबर लावून मागे कोंबलेली. गुंडाळी तापते, असं शेऱ्यात होतं. आता मॉनिटर एक अँपिअरसुद्धा ओढत नाही, त्याची गुंडाळी काय तापणार! लेझर प्रिंटर किंवा चहाची किटली असेल तर ती भीती खरी. आमच्याकडे खरा धोका खुर्च्यांच्या चाकांचा आणि लादी पुसणाऱ्या मावशींच्या ओल्या फडक्याचा. शिवाय दोन ठिकाणी एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खोचलेला होता, त्याचा बचाव मी करणारच नाही.

आधी विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत गेले. (रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो.) तिथे अर्ध्या मीटरची तयार कॉर्ड कुणाकडे नव्हती, पण कापून द्यायला सगळे तयार. "मॅडम, कापतो, थ्री पिन टॉप लावतो, दहा मिनिटांत घेऊन जा." आमच्या सेफ्टीवाल्या सरांचा नियम असा की टॉप कारखान्यात वायरसकट ओतलेलाच हवा, स्क्रूने बसवलेला चालणार नाही. या बाबतीत मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. टॉप बसवताना अर्थिंगची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची असते, म्हणजे वायर ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटते. दहा मिनिटांच्या घाईत ते कोण बघतो?

तोडगा काढला आमच्या इलेक्ट्रिशियन काकांनी. भिंतीतल्या सॉकेटपासून टेबलाखाली एकच पक्का पीडीयू, म्हणजे बरीच सॉकेट असलेली पट्टी, आणायचा, ज्याला थ्री पिनची भोकं नसून सी१३ सॉकेट असतात (मॉनिटरच्या मागे शिरतं त्या टोकासारखी). त्यातून मॉनिटरला सी१४-सी१३ कॉर्ड (सी१४ हे पीडीयूत शिरणारं टोक), म्हणजे सर्व्हरच्या रॅकमध्ये असते ती. ही आखूडसुद्धा मिळते, लॅमिंग्टन रोडला विचारा. पण तिथे हाती आलेला माल आयात केलेला होता आणि सरांना भारतीय मानकाची वायर हवी होती. शेवटी वसईच्या एका कारखान्याने आमच्या मापाने ओतून द्यायचं कबूल केलं. दर ठरला, नमुना आला, सरांनी तो पास केला. इथवर सगळं लोण्यासारखं.

मग आला फॉर्म.

आमची खरेदी मुख्य ऑफिसातून होते, पोर्टलवर. वस्तूचा प्रकार निवडायचा, मग त्या प्रकाराचे रकाने उघडतात. मी 'पॉवर कॉर्ड' निवडलं. लगेच लाल चांदणीचा रकाना उघडला: 'प्लगचा बीआयएस परवाना क्रमांक, आयएस १२९३'. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो, आणि हे त्यांचं मानक भिंतीत खोचायच्या प्लगचं आणि सॉकेटचं, २५० व्होल्ट, १६ अँपिअरपर्यंतचं. आमच्या कॉर्डला तसा प्लगच नाही! एका टोकाला सी१३, दुसऱ्याला सी१४, दोन्ही १० अँपिअरचे, आणि त्यांचं मानक आयईसी ६०३२०, तेही आंतरराष्ट्रीय. मधली वायर आयएस ६९४ची, तिच्यावर आयएसआय शिक्का आणि परवाना क्रमांक दोन्ही होते. पण तो क्रमांक लिहायला जागाच नाही. रकाना रिकामा ठेवला की फॉर्म पुढे सरकत नाही. 'लागू नाही' लिहिलं तर म्हणे फक्त आकडे टाका.

पर्चेसच्या मॅडमना फोन केला. "कॉर्ड म्हटल्यावर आयएसआय हवंच ना हो, नाहीतर ऑडिटला मी काय दाखवू?" मी म्हटलं, आयएसआय आहे, पण वायरचं. "मग वायर या प्रकारात टाका." टाकलं. वायरचं एकक कॉइल, आणि कॉइल ९० मीटरची. अर्धा मीटर लिहिला की लाल अक्षरांत 'किमान मागणी १'. मग त्यांच्याच सांगण्यावरून 'संगणक साहित्य' निवडलं, तर फॉर्म गेला आयटीकडे. त्यांनी शेरा मारला, 'विजेची वस्तू, अ‍ॅडमिनकडे परत'. अ‍ॅडमिन म्हणजे मीच. माझाच फॉर्म मलाच मंजुरीसाठी आला आणि मला तो मंजूर करायचा अधिकार नव्हता.

दरम्यान ऑडिटची मुदत जवळ आली आणि सरांच्या मेलचा सूर बदलला. वसईवाले रोज विचारायचे, "मॅडम, पीओ?", म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर. एका सहकाऱ्याने सुचवलं की पीडीयूच्या मेन वायरच्या टॉपवर आयएस १२९३चा क्रमांक आहे, तोच टाकून दे, कोण तपासतंय. मी नाही टाकला. बीआयएस केअर अ‍ॅपवर कुणीही परवाना क्रमांक टाकून उत्पादक आणि वस्तू तपासू शकतो. उद्या खरंच काही जळलं तर त्या खोट्या क्रमांकासमोर नाव माझं असणार.

गाठ सुटली ती फॉर्ममुळे नाहीच. मॅडम दुसऱ्याच कुठल्या मीटिंगला अंधेरीला आल्या होत्या. मी नमुन्याची कॉर्ड त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, दोन्ही टोकं पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, याला भिंतीत जाणाऱ्या पिनाच नाहीत की! लावणार कशी?" मी म्हटलं, "भिंतीत लावायचीच नाहीये मॅडम, इतके दिवस मी तेच सांगतेय." जेवणाच्या सुट्टीआधी सरांनी छोटी नोंद लिहून दिली: प्लग नसल्याने आयएस १२९३ लागू नाही, वायर आयएस ६९४, जोडणी आयईसी ६०३२०, क्षमता १० अँपिअर. संध्याकाळपर्यंत पोर्टलवर नवा प्रकार उघडला होता, 'कॉर्ड, उपकरण ते पीडीयू'. तो प्रकार माझ्यामुळे आहे, हे मी ऑफिसात अधूनमधून ऐकवत असते.

तुमच्यावर ही वेळ आली तर फॉर्म भरायच्या आधीच वस्तू खरेदीवाल्यांच्या हातात द्या. फोटो पाठवू नका. फोटोत सगळ्या काळ्या वायरी सारख्याच दिसतात.

माल आला की एक कॉर्ड बळी द्यायची तयारी ठेवा. ती कापा आणि तारा मोजा. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत साधारण ०.२ मिलिमीटर जाडीच्या २४ तारा निघतात. ब्लेडने खरवडल्यावर आत चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असू शकतं. लोहचुंबक चिकटलं तर सरळ परत पाठवा. अर्थिंग मात्र प्रत्येक कॉर्डचं तपासा, कारण बाजारात तीन पिना आणि आत दोनच तारा असलेला मालही फिरतो. मल्टिमीटरच्या दोन्ही सळया आधी एकमेकींना टेकवा, जो आकडा दिसेल तो वजा धरा, मग अर्थ ते अर्थ मोजा. अर्धा मीटर तांब्याचा रोध इतका कमी असतो की साध्या मीटरवर जवळजवळ शून्यच उरायला हवं.

पीडीयूचा एक फायदा नंतर कळला. सी१३च्या भोकात मोबाइलचा चार्जर जात नाही आणि किटलीचा टॉपही नाही, त्यामुळे टेबलाखाली नवा संसार थाटता येत नाही. लोक कुरकुरले. शेवटी टेबलांच्या प्रत्येक रांगेत भिंतीवर चार्जिंगसाठी वेगळी सॉकेट दिली, त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे.

हो, आणि लांबी ठरवताना मॉनिटर पूर्ण वर उचलून मग टेप लावा. खालीवर होणारी टेबलं असतील तर अर्धा मीटर पुरत नाही, टेबल वर गेलं की कॉर्ड सॉकेटमधून निसटते. तशा टेबलांसाठी आम्ही एक मीटरच्या मागवल्या, त्याच नव्या प्रकारात, आणि तो फॉर्म पहिल्या फटक्यात गेला.