आमची वाटचाल : टॉटनहॅमचं शिवणघर आणि घानाच्या आंटी

माझं माहेर इचलकरंजी, मागाच्या खटखटाटातच झोप लागायची सवय, त्यामुळे कापडाची पारख घरातच झाली. लग्नानंतर लंडनला आले आणि 2013 ला टॉटनहॅममध्ये एका ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात मशीन टाकून पँट आखूड करणं, चेन बदलणं सुरू केलं. इथे घानाची माणसं भरपूर. एक दिवस एक आंटी सहा वार वॅक्स प्रिंट, म्हणजे मेणाच्या छपाईचं रंगीत सुती कापड घेऊन आल्या, काबा आणि स्लिट शिवून दे म्हणाल्या, म्हणजे ब्लाऊज आणि खाली लांब स्कर्ट. मी हो म्हणून बसले आणि स्लिटला परकरासारखा घेर ठेवला, तो तर गुडघ्यापर्यंत अंगाबरोबर बसायला लागतो! आंटी रागावल्या नाहीत, टेप माझ्या हातातून घेतला आणि रात्री नऊपर्यंत बसून सगळं उसवून परत कसं कापायचं ते दाखवलं.

तेव्हा कळलं की घानातल्या कुमासी शहरात त्यांचं स्वतःचं शिवणाचं दुकान होतं, हाताखाली मुली शिकायच्या, आणि इथे त्या पहाटे चारच्या बसने ऑफिसं पुसायला जात होत्या. मला ते फार लागलं. पुढच्या आठवड्यात मी दुसरं मशीन घेतलं ते त्यांच्यासाठी.

आज आम्ही आठजणी आहोत, सहाजणी घानाच्या. या बायकांना धंदा शिकवायला लागत नाही, घानाच्या राजधानीत, अक्राच्या मकोला मार्केटमध्ये व्यापार बायकांच्याच हातात असतो. अडायचं ते कागदावर. घरी शिवून दिलेल्याचे पैसे कुणाच्या तरी दुसऱ्याच अकाउंटला जायचे, हिशोब नाही, पावती नाही, आणि मग बँक म्हणणार उत्पन्न दाखवा. म्हणून आमचा पहिला नियम, प्रत्येकीने सेल्फ एम्प्लॉइड म्हणून स्वतःच्या नावाने नोंदणी करायची, अकाउंट स्वतःचं, बिल स्वतःच्या नावाचं. त्या आंटींचा दहा आकडी टॅक्स नंबर पोस्टाने आला तेव्हा त्यांनी तो कागद इस्त्री करून मशीनशेजारी लावला, अजून तिथेच आहे. जानेवारीत 31 तारखेच्या आत सगळ्यांचे रिटर्न भरायला मी आणि त्या मिळून बसतो.

भांडवलाचं म्हणाल तर त्यांची सुसू आणि आपली भिशी एकच हो! आई इचलकरंजीत चालवायची तशीच. दहाजणी (दोघी बाहेरच्या), आठवड्याला 50 पाउंड, दर आठवड्याला एकीला 500. कापडाच्या कडा शिवायच्या आमच्या दोन ओव्हरलॉक मशिनी त्यातूनच आल्या, बँकेने आधी नाही म्हटलं होतं.

कामाचा खरा जोर अंत्यविधीच्या ऑर्डरला असतो. घानाच्या लोकांत तो मोठा कार्यक्रम, घरचे सगळे एकाच कापडाचे काळे-लाल कपडे घालतात, बहुतेक शनिवारी, म्हणजे शुक्रवारपर्यंत चाळीस नग द्यायचेच. कापडांना नावं असतात ते मला सगळ्यात आवडतं. एका प्रिंटचं नाव 'आह्वेने पा न्कासा', चांगले मणी वाजत नाहीत. मी लगेच 'उथळ पाण्याला खळखळाट फार' समजावून सांगितलं, आंटींनी ते पाठ केलं आणि आता दुकानात कुणी फार बोलायला लागलं की त्याच मराठीत ऐकवतात.

भिंतीवर 'या असांतेवा' नावाच्या बाईचा फोटो आहे, 1900 साली इंग्रजांविरुद्ध उभी राहिलेली घानातल्या एजिसूची राणीमाता. तिच्या शेजारी आमची सावित्रीबाई. या महिन्यात भिशी सर्वात लहान मुलीला लागली, तिने बटणहोलचं मशीन बघून ठेवलंय.